एकदम उलटलेली दोन पानं

दुपारचे अडीच. पोटात पांढरा रस्सा, डोक्यावर एसी, आणि समोर व्यासपीठावर मध्यस्थी कायद्यावरचं व्याख्यान. झोप यायला माणसाला आणखी काय लागतं हो?

मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले आहे. कोल्हापुरातल्या वकिलांचं हे एक दिवसाचं शिबिर. सकाळी व्याख्यानं झाली, मग 'नेटवर्किंग लंच' झालं. म्हणजे एका हातात ताटली, दुसऱ्या हातात व्हिजिटिंग कार्ड, आणि भाकरी कुठल्या हातानं मोडायची ते तुमचं तुम्ही बघा. मला चौदा कार्डं मिळाली. त्यातल्या दहा जणांना मी कोर्टाच्या जिन्यात रोज भेटते.

चहानंतर माझं व्याख्यान आहे. विषय, 'वकिलाची डायरी आणि कार्यालयाची शिस्त'. वक्त्या, ॲड. हेमलता कारंडे, वकिली अठ्ठावीस वर्षं. हसू नका. गेल्या मंगळवारी माझ्याच ऑफिसची तारीख चुकली. पुकारा झाला तेव्हा आमच्याकडून कोणी उभं नव्हतं, आणि एका निवृत्त कंपाउंडरांचा वाटेच्या हक्काचा दावा गैरहजेरीत निघाला, म्हणजे कोर्टानं काढूनच टाकला. डायरी लिहिली होती माझ्या ज्युनिअरनं, ईश्वरी मगदूमनं. तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली आणि मंगळवारची तारीख गुरुवारच्या पानावर पडली. त्याच संध्याकाळी ती माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून चुकलं."

मी तिला बस म्हणाले नाही. दावा पुन्हा नंबरावर घेऊन चालवावा म्हणून अर्ज करायचा, त्याला वकिलाचं प्रतिज्ञापत्र लागतं. मी ते तिथल्या तिथं तोंडी सांगितलं, 'माझी कनिष्ठ सहकारी ॲड. ईश्वरी मगदूम हिच्या निष्काळजीपणामुळे...' आणि ते टाइप तिनंच केलं. सोमवारी ते कोर्टात जाईल, आणि त्या पोरीचं नाव त्या शब्दासकट कायमचं रेकॉर्डवर बसेल. कोर्ट लहान, तोंडं मोठी. आत्ता तो कागद माझ्या मांडीवरच्या फोल्डरमध्ये आहे, आणि ईश्वरी शेवटच्या रांगेत बसून मध्यस्थी कायद्याचं टिपण काढते आहे.

डोळे मिटलेले नाहीत, नुसते जड झालेत, असं मी स्वतःला बजावते. माइकमधला आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

"सरक की जरा."

मी पाय आत घेते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत कोणीतरी बसतं. काळा कोट, कोपरावर झिजून तपकिरी झालेला. मी न बघताच ओळखते. हे सरनोबत सर. ॲड. हिंदुराव सरनोबत, ज्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली आणि ज्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ते गेलेत हे मला पक्कं ठाऊक आहे. शोकसभेत मीच बारा मिनिटं बोलले होते.

"सर, तुम्ही इथं?"

"शिबिर वकिलांचं आहे ना? मी काय दुसरं काही करत होतो?" ते माझ्या गळ्याकडं बघतात. "हे काय बांधलंस? दावं?"

"ओळखपत्र आहे सर. एकमेकांची ओळख व्हावी म्हणून."

"आणि अजून झाली नाही?" ते मागं वळून सगळ्या हॉलवर नजर टाकतात. "मघाशी सगळे पत्ते पिसल्यासारखी कार्डं वाटत होते. मी पण दोन घेतली. मला कोण केस देणार आहे आता!"

मला हसू येतं, आणि हसता हसता मी फोल्डर पोटाशी धरते. ते त्यांना दिसतं.

"काय लपवतीयस?"

"काही नाही."

"पोटाशी धरलंय म्हणजे काहीतरी आहे. साक्षीदार बघण्यात जन्म गेला माझा."

मी उत्तर द्यायच्या आत पुकारा होतो. व्यासपीठावरचे वक्ते माइकमधून दाव्याचा नंबर वाचतायत. चोवीस वर्षांपूर्वीचा नंबर आहे तो. पडदा लावला होता तिथं आता पिवळी भिंत आहे आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. खुर्च्यांचे बाक झालेत. चहाचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या वेटरच्या खांद्यावर पट्टेवाल्याचा पट्टा आहे. सर पुढं उभे आहेत, मी त्यांच्या मागं, अंगावर नवा गाऊन, हातात त्यांची तीन पुस्तकं.

"सरनोबत," न्यायाधीश वरून म्हणतात, "वय झालं तुमचं. डायरी आता दुसऱ्या कुणाला तरी सांभाळायला द्या."

सगळं कोर्ट हसतं. तेव्हाही अस्संच हसलं होतं.

सांगते. एका बाईंचा वाटणीचा दावा होता. दर तारखेला बाई गारगोटीहून एसटीनं यायच्या. त्या तारखेला आम्ही कोर्टात नव्हतो आणि दावा निघाला. डायरी तेव्हाही दुसरंच कुणीतरी सांभाळत होतं. मी. माझ्याच हातून दोन पानं एकदम उलटली होती. त्या संध्याकाळी मी डायरी उघडली, माझं अक्षर बघितलं, आणि डायरी मिटली. कुणाला काही बोलले नाही. सरांनी प्रतिज्ञापत्र केलं, भर कोर्टात बोलणी खाल्ली, दावा पुन्हा नंबरावर आणला. मी मागं उभी राहून फरशा मोजत होते. पुढं सर एकेक फाइल दुसऱ्यांना देत गेले. मला वाटायचं, त्यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला, आणि तो मी घालवला. हे मी चोवीस वर्षं कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

आत्ताही मी फरशा मोजते आहे. मोजता मोजता बघते तर त्या फरशा गंगावेशीतल्या सरांच्या ऑफिसच्या आहेत. खालून मिरची कांडपाचा आवाज येतोय. सर त्यांच्या खुर्चीत बसलेत, समोर डायरी, आणि हातात ती जाड पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. अर्ध्या ब्लेडनं ते लाल बाजूला टोक करतायत. साली माझ्या फोल्डरवर पडतायत. फोल्डर तेवढा आजचाच आहे, शिबिराचं नाव छापलेला.

आता नाही बोलले तर कधी बोलणार, असं मला वाटतं.

"सर, ती तारीख मी चुकवली होती. गारगोटीच्या बाईंची. दोन पानं एकदम उलटली माझ्याकडून."

ब्लेड थांबत नाही. "माहीत आहे."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुझं अक्षर मला ओळखू येत नाही व्हय? तुझ्या अर्जांवर सहा वर्षं डोळे फोडलेत मी."

"मग तुम्ही स्वतःच लिहिलं म्हणून कोर्टात..."

"तसं कुठं म्हटलं मी?" ते पहिल्यांदा वर बघतात. "शपथेवर खोटं बोलेन मी? प्रतिज्ञापत्रात काय होतं, सांग बघू."

मला पाठ आहे. पाठ नसून कसं चालेल? "'माझ्या डायरीत नोंद चुकीच्या पानावर झाली. डायरी माझी आहे आणि तिची जबाबदारी माझी आहे.'"

"मग? हात कुणाचा होता ते लिहिलंय कुठं? वकील म्हणवतेस आणि एक कागद नीट वाचला नाहीस चोवीस वर्षांत."

मी टेबलाची कड घट्ट धरते. "पण तुम्ही फायली देऊन टाकल्यात सर. तुमचा भरवसा उडाला, माझ्यामुळं."

"अगं, गुडघे गेले होते माझे! कोर्ट तिसऱ्या मजल्यावर नेलं, लिफ्ट सोमवारी चालू, मंगळवारी बंद. तू काय एवढं मोठं पाप उचलून फिरतीयस?" ते हसतात. त्यांचं ते खोकल्यासारखं हसू. मग हसू थांबतं. "एक लागलं मात्र. खोटं कशाला बोलू?"

"काय?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. ऑफिस सोडून स्वतःची पाटी लावलीस, त्या दिवशी आलीस. वाटलं, आता सांगेल. पेढे देऊन गेलीस. दवाखान्यात आलीस. वाटलं, आज तरी. शहाळं ठेवून गेलीस."

मला रडू कोसळतं. चारचौघांत मी कधी रडत नाही, पण इथं चारचौघं नाहीत, सरच आहेत. "विचारायचंत ना एकदा! तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"विचारून काढलं तर तो उलटतपास झाला. ते मला कोर्टात रोजच होतं."

खालचं कांडप थांबलेलं आहे. मी पदरानं नाक पुसते, मोठ्या बाईनं पुसू नये तसं.

"माफ करा सर."

"माझ्याकडं काय मागतीयस? माझा निकाल लागून सहा वर्षं झाली." ते पेन्सिलीच्या टोकानं फोल्डरवर टकटक करतात. "हिचं काय?"

मी विचारत नाही हिचं म्हणजे कुणाचं.

"तिनं सांगितलं तुला? स्वतःहून?"

"हो. त्याच संध्याकाळी."

"म्हणजे तुला चोवीस वर्षांत जमलं नाही ते तिनं एका संध्याकाळी केलं. आणि तू तिच्याकडूनच तिची फाशी टाइप करून घेतलीस." आवाज चढलेला नाही. तो कधीच चढायचा नाही, म्हणूनच जास्त लागायचा. "पुढच्या वेळी सांगेल का गं ती?"

"नाही सांगणार," मी म्हणते.

"मग तुझ्यासारखी होईल. पेढे आणेल."

"पण सर, चहानंतर मी डायरीच्या शिस्तीवर बोलणार आहे. हॉलभर लोक आहेत. माझीच चूक म्हटलं तर काय तोंड दाखवू?"

"हेच दाखव. दुसरं आहे कुठं?"

"तुम्हाला लाज नव्हती वाटली? सगळं कोर्ट हसलं तेव्हा?"

"वाटली की. घरी जाईपर्यंत वाटली. मग तुझ्या काकूनं विचारलं, आमटी वाढू का? मी म्हटलं, वाढ." ते पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारतात. "चल, सरक. मला जायला जागा दे."

मी पाय आत घेते.

"मॅडम, चहा?"

वेटर उभा आहे, खांद्यावर नुसता नॅपकिन. मध्यस्थी कायदा संपलेला दिसतो, मागं कपबश्या वाजतायत आणि पुन्हा कार्डांची देवघेव चालू आहे. माझे गाल ओले आहेत. शेजारची खुर्ची रिकामी आहे.

फोल्डरवर, छापलेल्या नावाच्या बरोबर खाली, लाकडाची एक पातळ साल पडली आहे. वळलेली, कडेला लाल रंग. मी इकडंतिकडं बघते. इथं सगळ्यांच्या हातात शिबिराची ती निळी बॉलपेनं आहेत. साल बोटांत धरून बघते. बोटाला लाल लागतं.

मी फोल्डर उघडते. 'माझी कनिष्ठ सहकारी' पासून 'निष्काळजीपणामुळे' पर्यंत आडवी रेघ मारते, दोनदा. वर लिहिते, 'माझ्या डायरीत नोंद चुकीच्या पानावर झाली. डायरी माझी आहे आणि तिची जबाबदारी माझी आहे.' अक्षर माझंच आहे, कुणीही ओळखावं असं.

माइकवरून माझं नाव येतं. माझ्या शिस्तीचं जरा जास्तच कौतुक होतं आणि टाळ्या पडतात. मी वर जाते. टिपणं काढलेला कागद खाली खुर्चीतच राहिला आहे. हॉल भरलेला आहे, ओळखीची तोंडं, चहाचे कप, आणि अगदी मागं ईश्वरी, मान खाली, वहीवर तारीख घालणारी.

"नमस्कार," मी म्हणते. "गेल्या मंगळवारी माझी एक तारीख चुकली."

कोणीतरी हसतं. ईश्वरीचं पेन थांबतं आणि ती मान वर करते. माझ्या डाव्या मुठीत ती साल आहे.