पाण्याकडे पाठ नाय करायची

परदेशी समुद्रावर सुट्टीला जाताना काय काय सांभाळावं, हे मी पोलादपुरात शिकले, आणि तेही जिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता अशा बाईकडून. ती बाई म्हणजे माझी आई. तिचं माहेर आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरात. तिच्या गावचं पाणी वरून खाली पळायचं, एकदा गेलं की गेलं. जाऊन परत येणारं पाणी असतं हे तिला सांगूनही खरं वाटायचं नाही.

वडील मस्कतला समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात होते. वाळूवर छत्र्या उभ्या करायच्या आणि पाण्यातून वर येणाऱ्या पाहुण्यांना टॉवेल द्यायचे, हे त्यांचं काम. कुणी विचारलं तर आम्ही नुसतं "हॉटेलात आहेत" म्हणायचो. टॉवेल दिल्याबद्दल पगार मिळतो हे आमच्या आळीत कुणाला पटलं नसतं.

त्यांची खुशाली कॅसेटवर यायची. दासगावचे एक चाचा तिकडेच कामाला होते. ते रजेवर आले की कॅसेट आणून द्यायचे आणि परत जाताना घेऊन जायचे. कॅसेट एकच. वडिलांचं बोलणं आम्ही ऐकायचं, मग त्याच्यावरच आमचं बोलणं भरून ती परत पाठवायची. आखातात माणूस असलेल्या बहुतेक घरांत तेव्हा हीच रीत होती. दर खेपेला नवी कॅसेट घेण्याची चैन कोण करणार? त्यामुळे आमच्या टेपवर एका वेळी एकाच बाजूचा आवाज असायचा. ते तरी बोलायचे, नाहीतर आम्ही.

मी चौथीत असताना आलेली कॅसेट मात्र वेगळी होती. वडील म्हणत होते, "उन्हाळ्यात हॉटेल रिकामं असतं. जुन्या माणसांनी बायकोला आठ दिवस आणावी असं साहेब बोललाय. खोली फुकट हाय. तू ये गो. लोकांच्या बायकांना टॉवेल देऊन देऊन हात दुखले, एकदा तुला द्यायचा हाय."

मग ते खाकरले आणि एकेक सांगू लागले. "विमानात कानाला दडे बसतात, तोंडात गोळी ठेव. लोणचं नको आणू, तेल गळतं, सुकी चटणी आण. वाळूत जायचं ते ऊन उतरल्यावर, आणि अनवाणी नाय. सुती पातळ पाण्यात जड होतं, नायलॉनचं घे. बाहेर आलीस की आधी गोड्या पाण्याने अंग धू, नायतर मीठ चावतं." इथे ते पुन्हा खाकरले. "आणि एक ध्यानात ठेव. पाण्याकडे पाठ नाय करायची. लाट सांगून येत नाय."

माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मला काकीकडे ठेवायचं ठरलं होतं आणि त्याचा मला भयंकर राग आला होता. आई मात्र हवेत होती. भाकऱ्या थापताना टेप चालू, भांडी घासताना टेप चालू. चार दिवसांत तिला सगळं तोंडपाठ झालं, कुठे खाकरायचं तेसुद्धा.

पासपोर्टाच्या फोटोसाठी आम्ही महाडला गेलो, तेव्हा बाजारातून मोरपंखी रंगाचं नायलॉनचं पातळ घेतलं. ते नेसून ती सावित्री नदीवर धुणं धुवायला जाऊ लागली. सराव नको का, म्हणे. धुणं झालं की पिळे डोक्यावर घेऊन, नदीकडे तोंड करून, पाऊल चाचपत मागे मागे घाट चढायची. बायका हसून बेजार व्हायच्या. "काय गो, नदी काय धावून येतंय तुझ्या मागं?" आई त्यांना शांतपणे सांगायची, "सवय लावून घेतंय. तिकडं लाट असते."

चाचांची रजा संपत आली तशी कॅसेटवर आमचा जबाब भरायची वेळ झाली. ही कॅसेट ठेवून घेऊ, असं मी म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "आणि त्यांना काय मुकी कॅसेट पाठवायची?" बटण दाबल्यावर मात्र तिला काही सुचेना. शेवटी तिने वडिलांचीच सगळी वाक्यं त्यांना म्हणून दाखवली. कानाचे दडे, चटणी, नायलॉन, मीठ, लाट. शाळेत कविता म्हणतात तशी, एका दमात. शेवटी म्हणाली, "समदं पाठ हाय. आता बोलवा." तिच्या आवाजाखाली त्यांचा आवाज पुसला गेला.

त्यानंतर कॅसेट आलीच नाही. येणारेजाणारे तोंडी निरोप आणायचे, कागद होतायत, जरा थांबा. उन्हाळा गेला. आई निरोप आणणाऱ्याला चहा द्यायची आणि तो गेल्यावर धुसफुसायची. "कागद राहू देत. बोलायला काय जीभ झडली? नुसता आवाज तरी पाठवायचा." पातळ ट्रंकेत गेलं. ती नदीवरून पुन्हा सरळ चालत येऊ लागली, आणि ते मला तिच्या आधीच्या चालण्यापेक्षा जास्त विचित्र वाटायचं.

शिमग्याच्या सुमारास वडील स्वतःच आले. हॉटेलचा मालक बदलला होता, नव्या मालकाने जुनी माणसं काढून टाकली होती. ते ओटीवर बसले. आईने पाण्याचा तांब्या दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कॅसेट कुठाय?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिली. आम्ही लावली तर आईचाच आवाज. समदं पाठ हाय, आता बोलवा.

"ह्याच्यावर मी बोललो असतो," वडील म्हणाले, "तर ह्यो पुसला असता. मला पुसवेना." आई पदराने तांब्या पुसत राहिली, कोरडा तांब्या.

पुढे वडील महाडच्या बाजारात एका कापडदुकानात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. मी कमावती झाल्यावर दोघांना जवळच्या समुद्रावर नेते म्हटलं, तर दोघंही तो विषय टाळायची. ज्या समुद्रासाठी आईने तयारी केली होती तो हा नव्हता. वडील गेले तेव्हा लक्षात आलं, त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. आहे तो आईचा, त्यांनी जपलेला.

यंदा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर परदेशी समुद्रावर जायचं ठरलं. आईला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, "मी येऊन काय करू? तिथं मला टॉवेल कोण देणार?" मग ती खाकरली, अगदी त्यांच्यासारखी, आणि माझी बॅग भरेपर्यंत सगळं सांगत बसली.

मी सगळं पाळलं. पाण्यातून निघाले तेव्हा समुद्राकडे तोंड करून मागे मागे चालत आले. मैत्रिणी हसत होत्या. वळून पाहिलं तर छत्रीपाशी एक माणूस दोन्ही हातांवर टॉवेल घेऊन उभा होता. मला तो घेता येईना. तो आईचा होता.