नानासाहेबांचा आवाज, कमलताईंचा मुक्काम

गेल्या महिन्यात वसतिगृहातून फोन आला. ‘‘कमलताई गेल्या…’’ एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांची ओळख ‘नानासाहेबांच्या सहकारी’ अशी करून दिली. ते खोटं नव्हतं. निजामी राजवटीविरुद्ध दोघं एकाच जथ्यात होते, दोघांनीही तुरुंग पाहिला. पोलिस ॲक्शननंतर नानासाहेब निवडणुकीला उभे राहिले, पुढं मंत्री झाले. ताईंनी औरंगाबादेत भाड्याच्या जागेत खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. नानासाहेबांचा आज चौकात पुतळा आहे. पण दोघांत मोठं काम कुणाचं, असं कुणी विचारलं, की मला माझ्याच घरची गोष्ट आठवते.

मी खुलताबादकडची, धनगराची पोर. मॅट्रिकच्या वर्षी माझं लग्न ठरवून आबा मला न्यायला आले. नानासाहेब त्या दिवशी नेमके वसतिगृहात आलेले. आबांची समजूत घालायला ताईंनी त्यांनाच गळ घातली. काय बोलले ते! अंगणात जमलेल्या पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा हात जोडून म्हणत होते, ‘‘व्हय साहेब, खरं हाय साहेब.’’ साहेबांची मोटार फाटकाबाहेर पडली आणि आबा मला म्हणाले, ‘‘चल बाई, पेटी घे. यष्टी निघंल.’’

ताईंनी वाद घातला नाही. पिशवीत एक लुगडं कोंबलं आणि आमच्याबरोबर यष्टीत बसल्या. आमच्या घरी घोंगडीवर झोपल्या, दिवसभर आईसोबत मेंढरांमागं हिंडल्या. लग्नाचा विषय त्यांनी आबांपुढं काढलासुद्धा नाही. मग एका सकाळी चुलीपाशी आईच म्हणाली, ‘‘पोरीला जाऊ द्या माघारी.’’

‘‘आन् सोयऱ्यांना काय सांगू?’’

‘‘सांगा, तिच्या मायनं नाय म्हणलं.’’

आईला ‘नाय’ म्हणताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आबांनीही नसावं… ते मला सोडायला स्वतः यष्टीपर्यंत आले.

पुष्कळ वर्षांनी ताईंना विचारलं, ‘‘आईला असं काय सांगितलंत?’’

‘‘सांगणार काय? तिला कुणी विचारलंच नव्हतं गं. मी विचारलं.’’

ही हकिगत ऐकून नानासाहेब खदखदून हसले होते. ‘‘कमल, माझं भाषण फाटकापर्यंतच पोचलं म्हण की!’’ पण आमच्यापैकी कुणी त्यांना हिणवलं, की ताई चिडत. ‘‘त्यांनी भांडून कॉलेज आणलं नसतं, तर तुम्हाला इथं ठेवून मी काय करणार होते?’’ त्याच कॉलेजात मी शिकले, पुढं तिथंच शिकवलं. पुतळ्यासमोरून जाताना आजही मान आपसूक लवते. ताईंचा पुतळा कुणी उभारणार नाही, आणि त्यांना तो आवडलाही नसता.

शोकसभेनंतर दुपारी मी ताईंच्या खोलीत जरा टेकले. त्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही. कुठल्याही पोरीला कधीही येता यावं, म्हणून ताईंनीच ती काढून टाकली होती. डोळा लागतोय तोच दार ढकलून एक नवी पोरगी आत आली. रडवेली. सवयीनं ‘‘ताई…’’ म्हणाली, आणि मला बघून थबकली.

मी सरकून तिला जागा केली. म्हटलं, ‘‘ये. बस. काय झालं?’’