फ्रिजमधल्या दोन बाटल्या

आमच्या घरात जपून ठेवायची वस्तू एकच होती, अन् ते म्हणजे मी. मी नागसेन, सुलतानपूरच्या इंद्रभान मिस्तरीचा पोरगा. मले हिमोफिलिया आहे. रक्त गोठाले फॅक्टर म्हणून काही लागते, ते माह्या अंगात जवळपास नाहीच. कुठं खरचटलं तर रक्त थांबत नाही, अन् खरचटलं नाही तरी गुडघ्यात आतल्या आत उतरते, मंग गुडघा नारळाएवढा होते. आता चौतीस वर्षांचा झालो, डावा पाय वाकत नाही, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बसल्या बसल्या चालते. माहं सांगाचं एवढंच. गोष्ट माह्या बहिणीची आहे.

ती महामाया. माह्याहून तीन वर्षांनी मोठी. मी पहिलीत गेलो तेव्हापासून तिची शाळा म्हणजे मले नेणं अन् मले आणणं. मी कडेवर, दोन्ही दप्तरं पाठीवर. लोक हासत. "काय व महामाया, हा पोट्टा केवढ्याले देतं?" ती म्हणे, "तुमच्या घरी खाटेले खिळे लय आहेत, तुम्हाले नाही देत." माह्या साऱ्या पँटींच्या गुडघ्यांवर आतून गोधडीचे तुकडे शिवलेले होते, ते तिनंच शिवलेले. मधल्या सुट्टीत कोणी मले धक्का मारला, की ही संध्याकाळी त्याच्या दारात उभी. तोंड असं चाले, की सरपंचसुद्धा तिले पाहून गल्ली बदले.

आता तिचं सांगतो. तिची दाढ पाडली तर दोन दिवस तोंडातून रक्त येत होतं. मायनं हळद दाबली अन् म्हणाली, दाढ खोल होती. नाकातून रक्त आलं, तर ऊन लागलं. हातापायावर निळे डाग दिसले, तर पोट्टी धडपडी आहे. अन् पाळी आली तेव्हा पहिल्याच खेपेस बारा दिवस. माय, बनाबाई, म्हणे, "उष्णता आहे व तुह्या अंगात," अन् धने-जिऱ्याचं पाणी पाजे. दहावीच्या गणिताच्या पेपरात चक्कर येऊन ती बाकावरच पडली. नर्सबाईनं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात भरलं. गोळ्या दिल्या अन् सांगतलं, हिले दूध-अंडी द्या. अंडं घरात एकच येत होतं, ते माह्या ताटात पडे. मी खात होतो. खोटं कायले बोलू, मजेत खात होतो.

असं काऊन झालं, तर मी लहान असतानी एका डॉक्टरनं बाबाले सांगतलं होतं, की हा आजार पोरांले होते, पोरी फक्त वाहक असतात, त्यांच्याकडून पुढं जाते, त्यांले स्वतःले काही होत नाही. बाबानं ते वाक्य दगडात कोरून ठेवलं. मंग घरात कोणाचं बी रक्त निघालं तरी ते पोरीचं असलं तर ते उन्हाचं, दाढेचं, उष्णतेचं. आमच्या घरात रक्ताचा आजार म्हणजे नागसेन, बस्स.

मी मोठा झालो तसा अमरावतीच्या दवाखान्यात फॅक्टर घ्याले जात होतो. मेहकरची गाडी, मंग अकोला, मंग अमरावती. तिथं समता सिस्टर होत्या. लय कडक बाई. त्यांनी एकदा कागद भरता भरता विचारलं, बहीण आहे का. मी म्हटलं, आहे, पण तिले काही नाही, ती वाहक असन फार तर.

"कोणी सांगितलं काही नाही?" सिस्टरनं पेनच खाली ठेवला. "वाहक बायकांचंही फॅक्टर कमी असू शकतं. पाळीत जास्त जातं का? डाग पडतात का अंगावर?"

मी म्हटलं, "हो, पडतात."

"मग घेऊन या तिला. लग्नाआधी तपासा. निदान बाळंतपणाआधी तरी तपासाच, बाळंतपणानंतर फॅक्टर एकदम खाली येतं. मी गंमत करत नाहीये."

"आणतो," म्हटलं मी. पुढच्या खेपेस विचारलं तेव्हाही "आणतो" म्हटलं. तिसऱ्या खेपेसही. तीन वेळा, मोजून.

आणलं काऊन नाही, ते आता सांगतोच. तिचं जमून राह्यलं होतं. मलकापूरचं स्थळ, पोरगा धम्मरत्न, कापसाच्या जिनिंगमधी वजनकाट्यावर कामाले, निर्व्यसनी. पाह्याले आले तेव्हा त्याच्या मायनं, कलाबाईनं, माह्या पायाकडं पाहून विचारलं, "पोराले काय झालं?" बाबा फाटकन म्हणाले, "लहानपणी बोरीवरून पडला." बोरीवरून! जो पोट्टा आयुष्यात खुर्चीवर चढला नाही, तो बोरीवर चढला. मी मान हलवली. ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिनं माह्याकडं पाह्यलं अन् खाली मान घातली. पाहुणे गेल्यावर मले म्हणे, "बोरं तरी आणायची होती बे चार." आम्ही दोघंही लय हासलो.

पण साक्षगंध होऊन लग्न पक्कं झाल्यावर मी घाबरलो. अमरावतीले नेलं, तिच्या नावाचा कागद निघाला, तो कागद उद्या सासरी दिसला, तर? एका खोट्यासाठी माह्या बापाची मान खाली जाईन, तिचं लग्न मोडन, अन् ते मोडन माह्यामुळं. म्हणून मी गप्प बसलो. मले वाटे मी तिच्या भल्याचं करून राह्यलो.

पहिलं बाळंतपण माहेरी असते, तशी ती सातव्यात आली. कळा सुरू झाल्या त्या दिवशी कलाबाईही मलकापूरहून आलेल्या होत्या. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं कागद भरताना विचारलं, "घरात कोणाला रक्ताचा काही आजार? रक्त न थांबण्याचा त्रास?"

माय म्हणाली, "नाही."

मी तिथंच होतो, भिंतीले टेकून. कलाबाई बाजूले, ताई खाटेवर कळा देत. कोणी काही बोललं नाही. डॉक्टरीणबाईनं "नाही" लिहून घेतलं अन् पान उलटलं.

पोरगी झाली. सारं नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी आलो. नाव मयुरी ठेवलं, ते ताईनंच निवडलं. कलाबाई पाचव्या दिवशी परत गेल्या. अन् सहाव्या दिवसापासून ताईचं जे सुरू झालं, ते थांबेना. माय म्हणे, "सव्वा महिना चालतेच, बाळंतीण आहे, काही नवल नाही." ताई मागच्या अंगणात स्वतः कपडे धुवे, लपवून वाळू घाले. मी दोरीवरचे कपडे पाह्यले. मी बादलीही पाह्यली. घरात रक्त ओळखणारा माणूस माह्याशिवाय दुसरा कोणता होता?

आठव्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो. पोट्टी तिच्या कुशीत. ती पांढरी पडली होती, ओठसुद्धा. मले म्हणे, "नागा, माहं बी तुह्यासारखंच आहे बे. थांबतच नाही."

मी म्हटलं, "काहीबाही बोलू नको. बायांले होत नाही तो."

मले माहीत होतं, बायांले बी होते म्हणून! समता सिस्टरनं माह्या तोंडावर तीनदा सांगतलं होतं. तरी मी असं बोललो. ती हासली अन् डोळे मिटून घेतले.

नवव्या दिवशी सकाळी ती पोट्टीले उचलाले उठली अन् उभ्या उभ्या खाली आली. पोट्टी सोडली नाही, छातीशी धरूनच पडली. बाबानं जीप बोलावली. माय रडून राह्यली. मी पाणी घ्याले फ्रिज उघडला. दरवाजाच्या कप्प्यात फॅक्टरच्या दोन बाटल्या होत्या. मी लांबून येतो म्हणून अमरावतीवाल्यांनी घरी ठेवाले दिलेल्या, अडीअडचणीले. माह्या. त्या मले दिसल्या. मी पाण्याची बाटली काढली अन् फ्रिज लावला.

याचं मी काय सांगू? कोणी म्हणते घाबरला असशीन. नाही हो, घाबरलो तर होतोच, पण ते कारण नाही. त्या बाटल्या तिच्या बी होऊ शकतात, हे माह्या डोक्यात आलंच नाही. आयुष्यभर अंडं माहं होतं, दूध माहं होतं, बाटल्याही माह्याच.

मेहकरले पाहून अकोल्याले पाठवलं. पातूर यायच्या आत ताई गेली. तिचं डोकं माह्या मांडीवर होतं, वाकत नाही त्या पायावर. नंतर मी एका डॉक्टरले विचारलं, त्या बाटल्या दिल्या असत्या तर? तो म्हणाला, वाचलीच असती असं नाही, पण अकोल्यापर्यंत पोचाले वेळ मिळाला असता. ते ऐकाले नको होतं मी.

मयुरीले कलाबाईनं वाढवलं. धम्मरत्न भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही. मी वर्षातून एकदा मलकापूरले जाई, पोट्टीले खेळणं देई, चहा पिऊन परत येई. फॅक्टर आता जवळच मिळू लागलं, म्हणून मी अमरावती सोडली असं साऱ्यांले सांगतलं. खरं म्हणजे समता सिस्टरनं "बहीण कशी आहे" म्हणून विचारलं तर काय सांगू, म्हणून सोडली.

यंदा उन्हाळ्यात भाऊजींचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाले, मयुरीच्या नाकातून शाळेत रक्त आलं, तासभर थांबलं नाही, कलाबाईनं कांदा हुंगवला. ऊन लय आहे यंदा.

ऊन! मयुरी अकरा पुरी करून राह्यली. आज ना उद्या तिची पाळी सुरू होईन. मंग बारा दिवस, मंग धने-जिरे, मंग लग्न, मंग कोण्या दवाखान्यातला कागद अन् त्याच्यावर "नाही". मी मायले म्हटलं, मी मलकापूरले जाऊन सारं सांगतो. बाबा आता नाहीत. माय एकदम उसळली, "आता कायले मढं उकरतं? ते म्हणतीन, फसवून पोरगी दिली, अन् मारली बी. नातीचं तोंड पाहू देतीन का मंग?"

मी म्हटलं, "नाही पाहू देत तर नाही." अन् गेलो.

कलाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी बसलो अन् एका दमात सांगून टाकलं. मावशी, मी बोरीवरून पडलो नव्हतो. मले जन्मापासून रक्ताचा आजार आहे. ताईलेही होता. आम्ही लपवलं. मयुरीलेही असू शकते, तिले तपासाले पाहिजे. तुम्ही मले जोडा मारा, पण तिले माह्यासंगं पाठवा.

त्यांनी मेथीची जुडी बाजूले ठेवली. मंग म्हणाल्या, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुहा आजार. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तुह्या बहिणीनं मले सांगतलं. म्हणे, आत्या, तुमच्या घरात खोटं बोलून राहवत नाही. माहा भाऊ झाडावरून नाही पडला. पण तुम्हाले माहीत आहे हे माहेरी दाखवू नका, माह्या बापाची मान खाली जाईन अन् नागाले वाटन त्याच्यामुळं झालं."



"मंग दवाखान्यात?" मी कसंबसं विचारलं. "डॉक्टरीणबाईनं विचारलं तेव्हा?"

"तुह्या मायनं 'नाही' म्हटलं ना रे." कलाबाईनं पदर तोंडाले लावला. "पोरगी कळा देऊन राह्यली, अन् मी तिच्या देखत विहीणबाईले खोटं पाडू? मले वाटलं, तिची माय आहे, तिले माह्याहून जास्त समजत असन. अन् महामायानं शब्द घेतला होता माह्याकडून. मी शब्द पाळला, बाप्पा. रोज सकाळी या पोट्टीची वेणी घालते तेव्हा आठवते मले, मी शब्द पाळला म्हणून."

आम्ही दोघं तिथंच बसून रडलो. दवाखान्याच्या त्या खोलीत तेव्हा डॉक्टरीणबाई सोडून चार माणसं होती, अन् चौघांलेही माहीत होतं. एकमेकांची लाज राखण्यात आम्ही तिले घालवलं.

दोन दिवसांनी कलाबाई, मयुरी अन् मी रेल्वेनं अमरावतीकडं निघालो. वाटेत कलाबाईनं पोट्टीले सारं सांगतलं, काही हातचं न राखता. मयुरी खिडकीतून बाहेर पाहत ऐकत होती. मंग तिनं एकच विचारलं, "मामा, आईले दुखत होतं काय?" मी म्हटलं, "सांगत नव्हती ती." खरं तर सांगतलं होतं, आठव्या दिवशी, मले.

समता सिस्टर तिथंच होत्या, केस पिकलेले. मले पाहून म्हणाल्या, "अरे, सुलतानपूर! किती वर्षांनी. ही कोण?" मी म्हटलं, बहिणीची पोरगी. त्यांनी नवा कागद ओढला, नाव, वय लिहिलं अन् सवयीनं विचारलं, "घरात अजून कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास?"

मी तोंड उघडायच्या आत मयुरी म्हणाली, एकदम तिच्या आईसारखी, खणखणीत, "मामाले आहे. अन् माह्या आईले होता."

सिस्टरनं लिहून घेतलं. "आईचं फॅक्टर किती होतं?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"तपासलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही तीनदा सांगतलं होतं, सिस्टर. मी आणलं नाही तिले."