खणांवरची बटणं

बटणवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि भिंतभर लाकडी खण. प्रत्येक खणाच्या तोंडावर एकेक बटण शिवलेलं, आत काय आहे ते उघडायच्या आधीच कळावं म्हणून. ही युक्ती त्याच्या बायकोची. सुताराकडून फळ्यांना बारीक भोकं पाडून घेतली होती तिने, आणि बटण बसवलं की दोऱ्याला वेढे देऊन अशी नेटकी गाठ मारायची की बघत राहावं. वरची ओळ तेवढी नवऱ्याची, कारण बाई बुटकी आणि शिडीवर चढायला घाबरायची. त्याची शिवण म्हणजे सगळा आनंदीआनंद. "हे बटण शिवलंय की पळून जाईल म्हणून बांधून ठेवलंय?" असं ती भर गिऱ्हाइकांत विचारायची.

तिचे नियम दोन. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून परत पाठवायचं नाही. हवं ते नसेल तर त्याच्या जवळपासचं काढून द्यायचं. आणि खणावरचं बटण मळलं की बदलायचं. मळक्या तोंडाने दुकानात उभं राहू नये, म्हणायची.

ती गेल्यावर दुकान उघडत होतं आणि बंद होत होतं, एवढंच. शेवटी लेकीने मनावर घेतलं. दुसऱ्यांची दुकानं सजवून देणं हाच तिचा धंदा. व्यापारी मंडळ दरवर्षी उत्तम मांडणीच्या दुकानाला बक्षीस देतं, त्यात उतरायचं तिने ठरवलं.

"बाबा, छप्पन्न गोष्टी दाखवायच्या नाहीत. एकच दाखवायची, पण अशी, की परीक्षकांची नजर तिथून हलता कामा नये. आपल्याकडे ती आहे. बक्षीस आईच्या नावाने घेऊ. रविवारी कॅमेरा आणते, तोवर दुकान जरा आवरून ठेवा."

ती एक गोष्ट कोणती हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. दोघं बापलेक अर्धंच बोलायचे आणि सगळं कळलं असं धरून चालायचे. खोड जुनी होती.

म्हातारा झपाटल्यासारखा कामाला लागला. काच पुसली, पितळी कड्या घासल्या. मग खणांवरची बटणं पाहिली, तर दोरे पार काळवंडलेले. बदलायलाच हवे होते. ती असती तर केव्हाच बदलले असते. त्याने कात्री घेतली. एकेक दोरा कापला, बटण साबणाच्या पाण्यात धुतलं, वाया कशाला घालवा म्हणून कोरडं करून त्याच खणात टाकलं, आणि फळीवर नवं कोरं शिवलं. जीव ओतून शिवलं. दोऱ्यांचा केर सफाईच्या गाडीत गेला. वरच्या ओळीसाठी मात्र गुडघ्याने साथ दिली नाही. तिला शोभेलसं काहीतरी आपल्या हातून झालं, या समाधानात तो शीळ घालत घरी गेला.

रविवारी लेक आली, भिंतीसमोर उभी राहिली आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही.

"बाबा, आईची शिवण?"

"मळली होती गं. नवी केली. तिचाच नियम नाही का?"

"मला तिच्या गाठींचे फोटो काढायचे होते. तिच्या हाताचं तेवढंच तर..." बोलता बोलता तिची नजर वर गेली. "ती वरची ओळ जुनीच आहे ना?"

"ती माझी," तो म्हणाला.

मग त्याला उमजलं आणि तो स्टुलावर मटकन बसला. रडायलाही त्याला थोडा वेळ लागला. बायको एकदा गेली होती ती दुखण्याने. या वेळी त्याने तिला स्वतःच्या हाताने, कात्री लावून घालवलं होतं. लेकीने त्याचा हात धरला, पण तीही रडत होती.

"बटणं कुठेत?" तिने विचारलं.

त्याने पांढऱ्या बटणांचा खण ओढून काउंटरवर पालथा केला. धुऊन लख्ख झालेलं तिचं एक बटण त्या ढिगात कुठेतरी होतं, आणि कुठलं ते सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात एक बाई मुलाचा शाळेचा शर्ट घेऊन आत आल्या. "काका, पांढरी बटणं द्या ना, सहाच हवीत."

त्याने दोन्ही हात ढिगावर पसरून धरले.

"नाहीत," तो म्हणाला.