सासूबाई दुय्यम गातात

उमरखेडच्या बसस्टँडवर मला कोणी नावानं हाक मारत नाही. कंडक्टर, पाणीपुरीवाला, चौकशीच्या खिडकीतले साहेब, सगळ्यांची मी सासूबाई. मोबाईलवर येणाऱ्या एका वऱ्हाडी मालिकेत मी खाष्ट सासू करते, त्याचा हा प्रताप. महागावला लग्नाचे व्हिडिओ काढणारे एक फोटोग्राफर आहेत, ते ही मालिका बनवतात. सुरुवातीला त्यांना सासूच मिळेना. सुनेला शिव्या देताना कॅमेऱ्यात दिसायला गावातली एकही बाई तयार नव्हती. "घरी देतो तेवढ्या पुरे हायत," असं एकीनं त्यांना तोंडावर सांगितलं म्हणे. मला दोन्ही मुलीच, म्हणजे सून येण्याचा प्रश्न नाही, म्हणून मी हो म्हटलं.

माझं माहेर कोकणात, रत्नागिरीच्या आतल्या बाजूला. सातवीपर्यंतची शाळा गावात होती, पुढची खाडीपलीकडे. पावसाळ्यात पोरीला होडीतून कोण नेणार, असं वडील म्हणाले आणि माझी शाळा तिथंच संपली. मुंबईला मावशीकडे राहायला गेले. वस्तीतल्या गायन पार्टीत कोरसला उभी राहू लागले, मग रेकॉर्डिंगलाही कोरसच. तिथं एकदा उमरखेडचे एक कवी आपली गाणी घेऊन आले. मुख्य गायिका आजारी पडली म्हणून मला पुढं उभं केलं. मी ओळ चुकले की बाकीचे ओरडायचे. हे मात्र जवळ येऊन ओळ पुन्हा सांगायचे, जणू पहिल्यांदाच सांगतायत. त्यांच्याशीच लग्न केलं आणि यवतमाळ जिल्ह्यात आले.

पहिला उन्हाळा मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन काढला. 'मले', 'तुले' बोलताना जीभ अडखळायची. पण या मुलखानं मला उभं केलं. जयंत्यांना बोलावलं, पावसाळ्यात विहारांतल्या वर्षावासात बोलावलं, गाण्यांच्या सीडी घेतल्या, सीडी गेल्या तेव्हा मोबाईलमध्ये ऐकलं. कापसाच्या गाडीवर माझं गाणं वाजताना मी स्वतः ऐकलंय. सातवी शिकलेल्या बाईला याहून काय हवं? तरी स्वभाव काळजीचा. गाडी चुकेल, घसा बसेल, माईक शिट्टी मारेल, लोक उठून जातील. यातलं बरंचसं कधी ना कधी झालंच आहे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी सांभाळून घेतलंय. काळजी मात्र कमी होत नाही.

यंदा एप्रिलातल्या जयंतीला फुलसावंगीच्या पुढच्या एका गावात दुय्यम होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुय्यम म्हणजे एकाच मंचावर दोन गायन पार्ट्यांचा सामना, बहुतेक वेळा एकीकडे गायक आणि दुसरीकडे गायिका. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. दहाला भोंगे बंद करावे लागतात, म्हणून हल्ली दिवेलागणीलाच सुरू करतात. आम्ही दुपारीच पोचलो. आमची उतरायची सोय विहाराशेजारच्या एका घरी केली होती. स्लॅबवर कुरड्या वाळत होत्या आणि कूलर आमच्याकडे तोंड करून ठेवला होता.

घरची बाई माझ्याच वयाची, शेतात आणि घरात राबून काटक झालेली. जयंतीची पांढरी साडी नेसून तयार होती. वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "ताई, एक काम होतं. तुम्ही नाही म्हनू नका."

"सांगा ना."

"माह्या पोरीले जरा झाडा."

"झाडू? कशासाठी?"

मग तिनं सगळं सांगितलं. पोरगी नववीत. शाळा फुलसावंगीला. दिवाळीनंतर जाणं बंद केलं. आता गाण्याच्या पार्टीत जाते म्हणते. सोमवारपासून वार्षिक परीक्षा. मॅडम घरी येऊन सांगून गेल्या होत्या, नुसती पेपरला बसली तरी दहावीत घेऊ. पण पोरगी ऐकत नव्हती.

"काही म्हटलं का तुमचंच नाव पुढं करते," ती म्हणाली. "म्हनते, त्या ताई तरी कुठं शिकल्या? सातवी पास, अन् सारा जिल्हा वळखते त्याइले. आता तुमच्याच तोंडून ऐकू द्या. पन साधं नोका सांगू हां. सासूबाईच्या आवाजात सांगा. त्या आवाजाले माहा नवरा बी भिते."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी शाळा सोडली ती खाडीमुळे. मुलाखतीत मात्र मी हसत सांगत आले होते की सातवी शिकले, पण आवाजानं तारलं. लोक टाळ्या वाजवायचे. ते वाक्य या घरात येऊन असं बसलं असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

पोरगी आली. दोन वेण्या, निळी ओढणी, दारातच थांबली. मी हात धुतले, पदर खोचला आणि सासूबाई झाले.

"काहून वं सटवे! घरात पाय पसरून बसाले लाज नाही वाटत तुले? दप्तर कुठं ठेवलं? चुलीत घातलं का?"

पोरीचा चेहरा असा खुलला की काय सांगू! तिनं झटकन ओढणी डोक्यावर घेतली, मान खाली घातली आणि मालिकेतल्या माझ्या सुनेच्या आवाजात उत्तर दिलं, "मामीजी, चुलीत तर तुमच्याच हातची भाकर जळून राह्यली."

तो सातव्या भागातला संवाद होता. तिला माझेही संवाद पाठ होते, सुनेचेही. मी आणखी चढ्या आवाजात ओरडले तर तिनं त्याहून बारीक आवाजात टोमणा परतवला. शेजारणी दारात जमल्या. कोणी मोबाईल काढला. घरधनी बाहेरून ओरडले, "अवं, अजून एकदा करा ना!" तिची आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. मग पदर खाली सोडून ती ताटं उचलायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

"ताई, जमते ना मले?" पोरगी म्हणाली. "आता घ्याल ना पार्टीत?"

तिला ती परीक्षाच वाटली होती, आणि ती पास झाली होती. मी म्हटलं, "शाळेचं काय?" ती म्हणाली, "तुमचं काय झालं शाळेवाचून?"

मला उत्तर सुचलं नाही. सुचणार कसं? उत्तरं सुचवणं हे माझं कामच नव्हतं. ही गोष्ट आमच्या पार्टीबाहेर कोणाला माहीत नाही, कारण कोणी विचारत नाही. दुय्यमात मी पुढं बसते. हे माझ्या पाठीशी ढोलकीजवळ, डाव्या खांद्यामागे बसतात. समोरच्याचा सवाल संपायच्या आत हे उत्तराची ओळ रचतात आणि माझ्या कानात टाकतात. मी ती चालीत बसवून गाते. सगळ्याच पार्ट्यांत कवी मागे असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं की गाणारीच एवढी हुशार.

मी तिच्या आईला बाजूला घेतलं. "आज पोरीला मंचावर बसवते, ह्यांच्या शेजारी. चालेल?"

"अन् अजूनच बिघडली तं?"

"मलाही तीच भीती आहे," मी खरं ते सांगितलं. तिची आई म्हणाली, "बसवा मंग. घरात बसून तं बिघडलीच हाय."

समोरची पार्टी नांदेडकडची. गायक दणकट आवाजाचे, चकचकीत जाकीट घातलेले. वंदना झाली, पहिली दोन गाणी झाली आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आज सासूबाई एकट्याच दिसून राह्यल्या! सून पळाली वाटते?" बाया खिदळल्या. मी म्हटलं, "सून घरी आहे, आम्ही जावईबापूंचीच वाट बघतोय." मंडप उसळला. एवढं आपलं आपल्याला जमतं, ती सवय आहे.

मग खरा सवाल आला. तळं सगळ्यांचं, पाणी सगळ्यांचं, तर तहान नेमकी कुणाची? ह्यांनी कानात ओळ दिली, मी गायले, टाळ्या पडल्या. कडवं संपवून मागे पाहिलं तर पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती ह्यांच्या ओठांकडे बघत होती.

"म्हनजे तुम्ही नाही बनवत?" तिनं कोरस चालू असताना मला विचारलं.

"नाही गं. मी गाते."

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

दुसरा सवाल गायकांनी खास माझ्यासाठी राखला होता. घरात सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या मागून जेवते, सांगा सासूबाई, रेशनकार्डावर तिचं नाव कितवं? बायांनी लगेच हुंकार भरला. उत्तर सगळ्यांना ठाऊक असल्यासारखंच होतं, शेवटचं. ह्यांनीही तेच धरलं आणि ओळ माझ्या कानाशी आणली. तेवढ्यात पोरीनं ह्यांचा सदरा ओढला.

"काका, शेवटचं नोका म्हनू! पहिलं असते. आता कार्डावर घरातल्या मोठ्या बाईचंच नाव पहिलं असते. आमच्या कार्डावर आजीचं हाय."

"तुला कसं माहीत?"

"नागरिकशास्त्राच्या मॅडमनं सगळ्याइले आपलं कार्ड पाहून याले सांगतलं होतं. तो फसवून राह्यला तुम्हाले. तुम्ही शेवटचं म्हटलं का तो पहिलं म्हनन, अन् आपली हार."

हे थबकले. कोरस संपत आला होता. मी वळून वळून बघत होते. पोरगी पुटपुटली, "कार्डावर पहिलं, अन् ताटावर शेवटचं." ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला आणि ओळ माझ्या कानात सोडली.

नाव कार्डावर पहिलं, बाई, ताट तिचं शेवटचं.

मी ती एकदा गायले. दुसऱ्यांदा गाता आली नाही, कारण पांढऱ्या साड्यांचा तो सगळा घोळका आपणच ती म्हणायला लागला. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि समोरच्या गायकांना म्हणाली, "आता बोल ना रे, काहून मुका झाला?" गायक मोठ्या मनाचे. त्यांनी पेटीवरून हात काढले आणि मला हात जोडले. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. मी मागे बोट दाखवलं, पण एवढ्या गलक्यात ते कोणाला दिसलं नाही.

पोरीलाही त्याची फिकीर नव्हती. ती ह्यांना विचारत होती, "काका, तुम्ही किती शिकले?"

"बी.ए. दोनदा आपटून."

"अन् हे सवाल कुठून येतात?"

"वाचल्यातून. ऐकल्यातून. आताचा तुझा आला ना, तसे."

"मी बसू का इथं? नेहमी?"

मी कान देऊन ऐकत होते. हे शाळेचा उपदेश करतील आणि सगळं विस्कटेल, ही मला धास्ती. हे ढोलकीची कडी ताणत म्हणाले, "बस की. पण मी या वयातही रोज वाचतो. या जागेवर बसणाऱ्याला त्यातून सुट्टी नाही."

एवढंच. पुढचा सवाल आला आणि बोलणं तिथंच राहिलं.

सकाळी निघताना तिनं माझ्यासोबत फोटो काढला नाही. आदल्या दुपारी तर दहा तरी काढले असतील. जीप सुरू होईपर्यंत ह्यांच्याच मागे होती, अमुक शब्द तमुक चालीत बसतो का म्हणून. माझ्यासारखं व्हायचं तिनं एका संध्याकाळीत सोडून दिलं होतं. मला हायसं वाटलं आणि थोडं लागलंही. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून नटले. जी सगळ्यात जास्त डोळे लावून बघत होती, तिनं मान वळवली आणि तीच बरी गोष्ट झाली. तिच्या आईनं कुरड्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. सोमवारचं मी विचारलं नाही.

रविवारभर मी घरात उगाच भांडी इकडची तिकडे करत होते. हे म्हणाले, "अगं, पेपर तिचा आहे, तुझा नाही." सोमवारी साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. पोरीची आई. मागे बसचा आवाज येत होता.

"गेली वं ताई! आता बसमध्ये बसवून दिली. मराठीचा पेपर हाय."

मला एकदम रडू आलं. म्हटलं, "काही म्हणाली का जाताना?"

"म्हनाली ना." आई हसायला लागली. "मी म्हटलं, ताईसारखी गायिका होनार होती ना तू, मंग काय झालं? तं म्हनते, आवाज ताईचा चांगला हाय, तो राहू दे तिकडंच. पन काकाचं आता वय झालं. तीन वर्सांनं ताईले शब्द कोन देईन?"

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी चष्मा वर केला. मी फोन ठेवला तेव्हा हे आरशासमोर उभे होते आणि कानामागचे पांढरे केस कंगव्यानं आत दाबत होते.

"तीन वर्षं म्हणाली ना?" त्यांनी विचारलं. "म्हणजे बारावी होईल तिची."