सव्वीस हजार, दोन जणांकडून पक्के

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी चारच्या सुमारास, शेजारच्या टेबलावरच्या सहकारी उपसंपादक बाईंनी मला माझा पगार विचारला. मी सव्वीस हजार सांगितला. तो अडतीस हजार होता.

एका मराठी दैनिकाच्या वसई कार्यालयात आम्ही दोघं एकच काम करत होतो. वार्ताहरांची बातमी नीट करायची, मथळा द्यायचा, पान छपाईला जाण्याआधी वाचायचं. त्यांना तिथे चौदा वर्षं झाली होती, मला पाच. मी आधी मुंबईत नोकरी केली होती आणि वसईतल्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीत भाड्याने राहत होतो. त्या इथल्याच, उमेळे गावच्या, बागायतदार घरातल्या. सोमवारी वाडीतली केळी आणायच्या आणि एक फणी माझ्या टेबलावर ठेवायच्या. पहिल्या वर्षी मी एका गावच्या पाण्याची बातमी दुसऱ्याच गावाच्या नावाने पानात लावली होती. ती त्यांनी शेवटच्या दहा मिनिटांत पकडली आणि कुणाला सांगितलं नाही. इथली गावं आणि आळ्या मला त्यांनीच शिकवल्या. मुंबईच्या अनुभवाचे जास्त पैसे मिळतात, असं मी स्वतःला सांगत असे.

आमच्या डेस्कवर एक नियम होता. आकडा एकाच माणसाने दिला असेल तर छापायचा नाही, दुसऱ्याकडून पक्का करायचा. त्या दिवशी सकाळी त्यांनी संपादकांकडे पगारवाढ मागितली होती. संपादक म्हणाले होते, "डेस्कवर सगळ्यांना सव्वीसच आहेत, ताई. हवं तर कुणालाही विचारा." ते असं बिनधास्त म्हणू शकत होते. पगारवाढीच्या पत्राबरोबर दरवर्षी आम्ही एका ओळीखाली सही करायचो, की पगार सहकाऱ्यांना सांगणार नाही.

ताईंनी मात्र विचारलं.

"अरे, साहेब म्हणतात सगळ्यांना सव्वीस. एका माणसाच्या सांगण्यावर कसं धरू? तुझे किती?"

पान लावणारा सहकारी पलीकडून म्हणाला, "ताई, तो बायकोला सांगत नाही, तुम्हाला काय सांगणार? वजन विचारा, तेही दोन किलो कमी सांगेल."

"तू गप रे," त्या हसून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कुणाला जास्त असतील तर मी लेखी मागणार. सगळ्यांना तेवढेच असतील तर उगाच कशाला वाद घालू? सांग."

"सव्वीसच, ताई."

"बघ. मग ठीक आहे."

त्यांनी खणातून हाताने लिहिलेला अर्ज काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मग त्या पुढची बातमी वाचू लागल्या.

मी त्या ओळीखाली सही केली होती. सही केली म्हणून उत्तर न देणं समजू शकतं. चुकीचा आकडा देण्याला ते कारण होत नाही. त्या वेळी माझ्या मनात सहीचा विचार नव्हताही. मला भीती होती ती आकडा कळल्यावर त्या माझं काम आणि त्यांचं काम शेजारी ठेवून पाहतील याची. संध्याकाळी त्यांनी आणलेली केळी मी घरी नेली.

मार्चमध्ये मला एव्हरशाईनमध्येच फ्लॅटसाठी कर्ज हवं होतं. बँकेने पगाराची पावती मागितली. मी ती कार्यालयातल्या प्रिंटरला पाठवली आणि तेवढ्यात फोन आला म्हणून जिन्यात गेलो. आमच्याकडे प्रिंटरमधून जो कागद निघेल तो जवळ बसलेला माणूस उचलतो आणि लाल पेन घेऊन वाचतो. कुणाचा आहे हे नंतर बघतो. प्रिंटरजवळ त्या बसत.

परत आलो तेव्हा पावती माझ्या टेबलावर होती. अडतीस हजारांभोवती लाल गोल होता. समासात प्रश्नचिन्ह आणि दोन शब्द: खात्री करावी.

"ताई, ते कर्जासाठी होतं."

"फ्लॅट घेतोयस? चांगलं आहे." त्या स्क्रीनकडे बघत होत्या. "आकडा बरोबर आहे का? मी शंका काढली, उत्तर तू द्यायचंस."

"बरोबर आहे."

"बरं. मी पुन्हा अर्ज देणार आहे. हा कागद जोडू?"

"नको, ताई. कर्ज मंजूर होईपर्यंत तरी नको. साहेबांना कळलं तर…"

"किती दिवस लागतील?"

"महिनाभर."

"मग त्यानंतर जोडू?"

मी पावती घडी करून खिशात घातली. त्या म्हणाल्या, "दोन नंबरचं पान छपाईला सोड. उशीर होतोय."

पुढच्या सोमवारी त्यांनी अर्ज दिला. त्याच आठवड्यात तो मी पाहिला, कारण कार्यालयातून निघणारं कुठलंही पत्र आमच्याकडे दुसऱ्या माणसाने वाचायचं असतं. एरवी ते काम त्यांचं होतं. हे उत्तर त्यांनाच जायचं होतं म्हणून संपादकांनी ते माझ्याकडे दिलं. "जरा नजरेखालून घाल," एवढंच म्हणाले. उत्तराला ताईंचा अर्ज टाचलेला होता. डेस्कवर काहींना जास्त वेतन मिळत असल्याचे खात्रीलायकरीत्या समजते, असं अर्जात लिहिलं होतं. कुणाकडून समजते, ते लिहिलं नव्हतं. 'सोबत' या शब्दापुढची जागा कोरी होती.

संपादकांचं उत्तर तीन ओळींचं होतं. सर्व उपसंपादकांना समान वेतन दिले जाते आणि अर्जातील माहिती निराधार आहे, असा मजकूर होता. एका वाक्यात 'आहे' दोनदा आलं होतं. त्यातलं एक मी काढलं. वाचल्याची खूण म्हणून कोपऱ्यात माझी आद्याक्षरं घातली, नेहमीप्रमाणे.

पत्र त्यांना दुपारी मिळालं. त्यांनी ते वाचलं, कोपरा पाहिला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

माझं कर्ज एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मंजूर झालं. महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. कारण 'वैयक्तिक' असं लिहिलं होतं. मुख्य कार्यालयाला पाठवण्याआधी तोही वाचायला माझ्याकडे आला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मी कोपऱ्यात आद्याक्षरं घातली.