उंदीरसरांचं अत्तर

उंदीरसरांना अंगाला कसलाही वास चालत नसे. साबण बिनवासाचा, डोक्याला तेल नाही. लग्नात दारावर कुणी अत्तर लावायला पुढे आलं की सर हात पाठीमागे घ्यायचे. "नको बाबा, उद्या माझी उंदरं रुसतील." मुलीच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. व्याह्यांना वाटलं, मानपानावरून काहीतरी बिनसलंय.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात सर भीती आणि उदासी मेंदूत कुठून येते, यावर संशोधन करायचे. मेंदू अर्थात उंदरांचे. आणि त्यांच्या हाताखाली मी, अत्तरवाल्याची मुलगी! उंचावर एक चार फाट्यांची फळी असायची. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. भ्यालेला उंदीर भिंतीआड बसतो, निवांत असला की उघड्यावर हिंडतो. माझ्या पाळीला एकही उंदीर बाहेर येईना. नांदेडचे उंदीर जात्याच भित्रे, असा शोध मी जाहीर करून टाकला. सर दारातच थबकले, नाक वर केलं आणि म्हणाले, "हिना अत्तर ना गं? पोरी, तू उंदरं न्हाई, अब्बाचं दुकान तपासून राहिलीस!"

एखादा उंदीर आळशी आहे, असं कुणी म्हटलं की मात्र सर तापत. "त्याला नावं ठेवू नका. डोक्यात काय बिघडलं ते हुडका."

त्याच दिवसांत माझा भाईजान दुकान सोडून आतल्या खोलीत पडून राहू लागला. डोळे मिटून अत्तर ओळखणारा माणूस, जेवायलाही उठेना. अब्बा त्याला कामचोर म्हणत, त्यांची बहीण, आमची फुफी, म्हणे नजर लागली. हा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता. सरांना सांगितलं, तर संध्याकाळी ते घरी चहाला हजर.

अब्बा म्हणाले, "सर, तुमचं सगळं उंदरावर हाय. आमचा माणूस हाय."

"हाव, म्हणून तर आलो. उंदराला मी कधी कामचोर म्हणलो न्हाई भाई, आन् तुमी पोटच्या पोराला म्हणून राहिलेत. आजार हाय हा, साखरेचा असतो तसा. दवाखान्यात न्या."

अब्बांचा चहा बशीतच निवला. दुसऱ्या दिवशी ऑटो बोलावून ते स्वतः भाईजानला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, मग बदलल्या. भाईजान दुकानात बसू लागला, पुन्हा खोलीत गेला, पुन्हा बाहेर आला. सर भेटले की आधी विचारत, "उघड्यावर हाय ना?"

यंदा सर निवृत्त होऊन शिरूर अनंतपाळला, गावी निघाले. निरोपाच्या दिवशी, गर्दीला बिचकणारा भाईजान एकटाच सिटी बसने कॉलेजात आला. खिशात स्वतः बनवलेल्या अत्तराची कुपी. ती पाहताच सवयीने सरांचा हात पाठीमागे गेला. मग त्यांनी भाईजानकडे नीट पाहिलं आणि मनगट पुढे केलं.

"लाव बाबा. आता कोण भिऊन राहिलंय?"

भाईजान हसला. मी मात्र भिंतीआड जाऊन रडून घेतलं.